अठ्ठावन्न किलोचा ठोकळा

२ मार्च

प्रिय छोटी,

तुझं पत्र काल मिळालं. पाकीट याही वेळी कडेने नीट कापलेलं होतं. विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, "आजी, तुमच्या बोटांना त्रास नको म्हणून आम्हीच उघडून देतो." चाळीस वर्षं मी शिवणकाम केलं, हजारो काजं हाताने केली, आणि या माणसाला माझ्या बोटांची काळजी! आमची जाणारी पत्रंसुद्धा ऑफिसात उघडीच द्यायची. चिकटवतात तेच, तिकीट लावतात तेच. आपल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मदर असंच करायच्या, आठवतं ना? फरक एवढाच की मदर निदान आपल्या व्याकरणाच्या चुका तरी सुधारून द्यायच्या.

फोन कर म्हणतेस, पण फोनवर तू ओरडतेस, मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं समोर बसलेल्या व्यवस्थापकांना ऐकू जातं. त्यापेक्षा पत्रच बरं.

बाकी ठीक. गुडघे होते तसेच. खुर्चीशिवाय दोन पावलं जमत नाहीत. संध्याकाळी भिंगरी मला रॅम्पवरून खाली अंगणात नेते आणि तासाभराने वर आणते. भिंगरी म्हणजे आमच्या मजल्याची मदतनीस. एका जागी उभी म्हणून राहत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. तिलाही आवडतं.

एक काम आहे. इथल्या स्वयंपाकीणबाईंच्या नातीची परीक्षा जवळ आलीय आणि तिला एक गणित सुटत नाहीये. अठ्ठावन्न किलोचा ठोकळा आठ मीटर लांब उतारावरून खाली आणायचा आहे. उताराचं वरचं टोक खालच्यापेक्षा ऐंशी सेंटिमीटर उंच. ठोकळा धावता कामा नये, सारख्या संथ वेगाने आला पाहिजे. तर हाताने किती जोर लावून धरावं लागेल, आणि हात एकंदर किती कार्य करेल? जरा सविस्तर लिही. पोरगी हुशार आहे, पण माझ्यासारखी शिवणकामाच्या डोक्याची.

तुझी,
ताई


७ मार्च

प्रिय ताई,

आधी गणित, मग भांडण.

उतार आठ मीटर, उंची ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण एकास दहा. ठोकळ्याचं वजन अठ्ठावन्न गुणिले नऊ पूर्णांक आठ, म्हणजे पाचशे अडुसष्ट न्यूटन. उतारावर खाली खेचणारं बल त्याचा दहावा भाग: सत्तावन्न न्यूटन. वेग वाढू द्यायचा नसेल तर हातानेही तेवढंच बल उलट्या दिशेने लावायचं. घरगुती भाषेत सहा किलोची पिशवी धरण्याइतकं. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर: सत्तावन्न गुणिले आठ, म्हणजे साधारण चारशे पंचावन्न ज्यूल. पण या कार्याचं चिन्ह ऋण. ठोकळा पुढे चाललाय आणि हात मागे ओढतोय, म्हणून. एकतीस वर्षं शिकवलं, दर वर्षी अर्धा वर्ग हे ऋण चिन्ह विसरायचा. पोरीला सांग, चिन्ह विसरलीस तर उत्तर संपूर्ण चूक धरीन.

आता भांडण. हे गणित कुठल्या पुस्तकातलं? पुस्तकं पन्नास किलो देतात, नाहीतर साठ. अठ्ठावन्न हा आकडा पुस्तकातला नाही, काट्यावरचा आहे. तुमच्या कोठारात धान्याची पोती येतात ना? कोणीतरी ती मागच्या बाजूने आवाज न करता उतरवायचा बेत करतंय, आणि हिशेब माझ्याकडून करून घेतंय. मला तो तुमचा व्यवस्थापक पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. तोंडात साखर आणि नजर किल्ल्यांच्या जुडग्यावर. व्यवस्थापक कसला, मुकादम आहे मुकादम! आणि कलप लावायचाच तर माणसाने डोक्याला आणि मिशांना एकाच बाटलीतला लावावा.

पाकिटं कापतो म्हणजे काय? तुझ्या लेकाच्या कानावर घातलंस का? का तो नेहमीसारखा मलाच "मावशी, ते लोक चांगलेच आहेत" म्हणणार?

तुझी,
छोटी


१८ मार्च

प्रिय छोटी,

अक्षर कोंबडीच्या पायांचं झालंय त्याबद्दल रागावू नकोस. दोन्ही तळव्यांना पट्ट्या आहेत आणि डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. लेकाने तुला कळवलं असेलच. चौदा तारखेला संध्याकाळी भिंगरी मला रॅम्पवरून वर आणत होती, अगदी वरच्या टोकाशी तिचा हात निसटला आणि खुर्ची मागे घरंगळत खाली गेली. खालच्या मोठ्या कुंडीला लागून कलंडली. कुंडी शाबूत आहे, मीही जवळजवळ शाबूत आहे.

तिने हात निसटल्याचं लिहून दिलंय. पहिलीच वेळ म्हणून नुसती ताकीद मिळेल आणि विषय संपेल. तू यात पडू नकोस, छोटी. तुला ओळखते म्हणून सांगते. काही लिहू नकोस, कुणाला काही विचारू नकोस.

गणित पोहोचलं. पोरीला समजलं.

तुझी,
ताई


२१ मार्च

व्यवस्थापक महोदय,

माझी थोरली बहीण आपल्या निवासात राहते. चौदा तारखेला आपल्या मदतनीसेने तिला रॅम्पच्या टोकावरून खाली सोडून दिलं. "हात निसटला" ही भाषा मी शाळेत काचेची परीक्षानळी फोडणाऱ्या मुलींकडून एकतीस वर्षं ऐकली आहे. नळी कधीच कोणी फोडत नाही, ती "फुटते". चूक कधीच कोणी करत नाही, ती "होते".

मला दुसरी एक गोष्ट खटकते. माझी बहीण मला लिहिते की "तू यात पडू नकोस". आमच्या सत्तर वर्षांच्या सहवासात तिने हे वाक्य दोनदाच वापरलं आहे, आणि दोन्ही वेळा तिला कोणीतरी दमात घेतलेलं होतं. तिला गप्प कोण करतंय? ती मदतनीस, की आपण?

नुसत्या ताकिदीवर मी मुळीच समाधानी नाही. रीतसर चौकशी करा, त्या बाईला कामावरून काढा आणि मला लेखी कळवा. रॅम्पची मापंही पाठवा. तो बांधणाऱ्याला उतार म्हणजे काय हे ठाऊक होतं का, ते मी पाहते.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका


२६ मार्च

माननीय बाई,

आपलं कडक पत्र मिळालं. आपल्या भगिनींबद्दल आम्हां सर्वांना अतीव आदर आहे.

रॅम्पविषयी: लांबी आठ मीटर, उंची ऐंशी सेंटिमीटर, पृष्ठभाग खरबरीत, दोन्ही बाजूंना कठडा. बांधकामात दोष नाही. आघातही सुदैवाने सौम्य होता. कुंडीला तडासुद्धा गेलेला नाही. खुर्ची निवासाची आहे, जुन्या पद्धतीची, लोखंडी, सव्वीस किलोची. तिचं पाऊल ठेवायचं फळकूटही वाकलेलं नाही.

सदर मदतनीसेला आम्ही ताकीद देऊन प्रकरण मिटवणार होतो. परंतु आपली लेखी तक्रार आल्याने तसं करता येत नाही. तिला कामावरून दूर ठेवलं असून दहा एप्रिलला समिती बसेल. आपल्या मागणीप्रमाणे तिला काढलं जाईल अशी खात्री बाळगावी. असा शेरा मिळालेल्या मदतनीसेला दुसरा निवासही घेत नाही, हे आपल्या समाधानासाठी नमूद करतो.

आपण मला मुकादम समजत असलात तरी माझ्या मनात किंतु नाही. मिशांचा रंग हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक


२९ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र आधी ज्यांच्या हाती पडेल त्यांनी खुशाल वाचावं. मुकादम आणि मिशा हे दोन शब्द मी जगात एकाच पत्रात लिहिले होते आणि ते त्यांच्या नावाचं नव्हतं. त्यावर नंतर बोलू. आज फक्त गणित आहे. गणित दिसलं की बहुतेक लोक पान उलटतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

स्वयंपाकीणबाईंच्या नातीला एक नवा प्रश्न दे.

उतार तोच: आठ मीटर आणि ऐंशी सेंटिमीटर. ही मापं मला नुकतीच दुसऱ्या एका पत्रात वाचायला मिळाली आणि चहाचा कप हातातच राहिला. ठोकळाही तोच, अठ्ठावन्न किलो. फक्त या वेळी तो सव्वीस किलोच्या लोखंडी बैठकीवर बसलेला आहे. म्हणजे एकूण चौऱ्याऐंशी. आता समज, वरच्या टोकाला कोणाचा तरी हात निसटला आणि ठोकळा बैठकीसकट मोकळा खाली सुटला. तर गुरुत्वबल त्यावर सहाशे अठ्ठावन्न ज्यूल कार्य करतं. चाकांच्या घर्षणात थोडं जाईल, जाऊ दे. बाकीचं सगळं वेगात उतरलं पाहिजे. खाली पोहोचेपर्यंत ठोकळा उतारावरून सुटलेल्या सायकलीच्या वेगाने धावत असेल. त्या वेगाने चौऱ्याऐंशी किलो मातीच्या कुंडीवर आदळले तर कुंडीचे तुकडे गोळा करायला झाडू लागेल.

पण कुंडीला तडा नाही. फळकूट वाकलं नाही.

म्हणजे वाटेत ते ज्यूल कोणीतरी खाल्ले. ठोकळा सुटलाच नव्हता. कोणीतरी त्याला जवळजवळ खालपर्यंत धरून होतं. ज्याचा हात वरच निसटला, तो खालपर्यंत कसा धरेल?

तर मुलीला विचार: ऋण कार्य कोणी केलं? आणि दुसरं विचार: ठोकळ्याला हात असतात का? असले तर त्या हातांच्या तळव्यांना पट्ट्या कशाने आल्या? मनगट मोडलं तर प्लास्टर लागतं. तळवे फक्त घासल्याने भाजतात.

मुलीला म्हणावं, मी रागावलेली नाही. हे खोटं आहे, पण म्हणावं.

तुझी,
छोटी


४ एप्रिल

प्रिय छोटी,

हे पत्र भिंगरी बाहेर टाकणार आहे. स्वतःचे कपडे न्यायच्या निमित्ताने ती आज पाच मिनिटं येणार आहे. पाकीट मी स्वतःच्या थुंकीने चिकटवणार आहे. केवढं बरं वाटतंय म्हणून सांगू!

ठोकळ्याला हात असतात. तुला दोन पत्रांत कळलं, इथे बारा माणसांना तीन आठवड्यांत कळलं नाही.

कोणाची नात नाही आणि कोणाची परीक्षा नाही. रॅम्प मी शिवणाच्या टेपने मोजला. एका टोकाला दोरा धरायला भिंगरीलाच बसवलं होतं, तिला वाटलं म्हातारीला खूळ लागलंय. फाटकाबाहेर, रस्त्याच्या याच बाजूला टपालपेटी आहे. मला एक पत्र तिच्यात माझ्या हाताने टाकायचं होतं. एकटीने. कोणी कापायच्या आत. भिंगरीकडे का दिलं नाही म्हणशील. तर जाताना फाटकावर त्यांच्या पिशव्या तपासतात आणि पत्र सापडलं तर तिची नोकरी जाते. आज हे पत्र ती पोलक्यात घालून नेणार आहे, कारण आता जायला नोकरी उरलेलीच नाही.

चौदा तारखेला आम्ही वर येत नव्हतो, खाली निघालो होतो. मी तिला वरच्या टोकाशी खोटंच सांगितलं, "तुला साहेबांनी बोलावलंय गं, लगेच." साहेबांनी बोलावलं की ब्रेक लावून जायचं हा इथला नियम. तिने ब्रेक लावला, दोनदा ओढून पाहिला, आणि गेली. मी ब्रेक काढला. दोन्ही चाकांच्या कडा तळव्यांत धरल्या आणि तुझं गणित मनात म्हणत निघाले. सत्तावन्न न्यूटन. सहा किलोची पिशवी. तेवढं मी अजून धरू शकते, भाजीच्या पिशवीने करून पाहिलं होतं.

छोटी, तू ठोकळा म्हणालीस आणि मी स्वतःला काट्यावर तोललं. खुर्ची माझ्या डोक्यातच आली नाही. आपण कपड्याचं माप घेतो तेव्हा माणूस बसलेलं स्टूल मोजतो का? निम्म्या वाटेपर्यंत जमलं. मग कडा तापल्या, तवा धरल्यासारख्या. शेवटच्या दोनेक मीटरवर हात सुटले.

पहिली धावत आली ती भिंगरी. मीच तिच्या हातापाया पडले. म्हटलं, हे कळलं तर मला वरच्या मजल्यावर टाकतील. वरचा मजला म्हणजे ज्यांना आपलं नाव आठवत नाही त्यांचा. दाराला बाहेरून कडी. तिने एक मिनिट विचार केला आणि म्हणाली, "मग माझा हात निसटला म्हणू या, आजी. ताकीद तर ताकीद. माझ्या सासूची मी रोजच खाते." एवढ्यावर भागणार होतं. मग तुझं पत्र आलं.

तुला दोष देत नाही. मी गप्प बसले, अजून बसलेय. दहा तारखेला तिला काढतील. दोन पोरी आहेत तिला. मला झोप नाही आणि तोंडही उघडत नाही. कडीचा आवाज आठवतो.

त्या पत्रात काय होतं विचारशीलच. दोन ओळी होत्या. मला इथे राहायचं नाही. तुझ्याकडे आले तर चालेल का? हे मुकादमाने वाचून लेकाला फोन करायच्या आत तुला विचारायचं होतं.

उत्तर भिंगरीच्या पत्त्यावर पाठव, पाकिटामागे आहे. समितीच्या दिवशी ती घेऊन येईल.

ताई


७ एप्रिल

प्रिय ताई,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तुला चुकीचं गणित दिलं, तू पडलीस, आणि मी एका निरपराध बाईच्या पोटावर पाय देऊन वर तिच्या वाक्याचं व्याकरण तपासलं. "ठोकळा कशावर ठेवलाय?" हा पहिला प्रश्न मी वर्गात कोणालाही विचारला असता. तुला विचारला नाही, कारण मी मुकादमाची पोती मोजण्यात दंग होते. संशय घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही, फक्त तो योग्य माणसावर घेता येत नाही.

तक्रार मी मागे घेतली आहे. समितीच्या अध्यक्षबाईंना वेगळं पत्र गेलं आहे, सोबत मुकादमाच्या पत्राची प्रतही. मुकादम आणि मिशा हे शब्द त्या माणसाला कुठे वाचायला मिळाले, हे त्याने समितीला सांगावं.

पण तेवढ्याने भिंगरी सुटत नाही. तिने लिहून दिलंय, खाली तिची सही आहे. ते खोटं आहे हे तिला ठाऊक आणि तुला ठाऊक. ती बोलणार नाही, कारण तिने तुला शब्द दिलाय. राहिलीस तू.

मी तुझ्या वतीने बोलू शकले असते. बोलणार नाही. सांगोवांगीची गोष्ट कोण धरतं? आणि तुझे तळवे माझ्याकडे नाहीत.

ताई, लहानपणी अंधाऱ्या जिन्यावर मी अडून बसले की तू म्हणायचीस, "मी मागे आहे, तू चढ." मी यात कुठे उभी आहे ते मला नीट सांगता येत नाही, पण तू बोल.

बाकीचं नंतर बोलू. माझ्याकडे सध्या नळाचं काम निघालंय, न्हाणीघर सगळं उखडलेलं आहे.

तुझी,
छोटी


११ एप्रिल

प्रिय छोटी,

बोलले.

तिघं होते: अध्यक्षबाई, डॉक्टर, आणि आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर. मुकादम कोपऱ्यात कागद सारखे करत. भिंगरी दाराशी उभी, एका जागी. तिला तशी पाहवेना.

मी सगळं सांगितलं. आणि गंमत बघ, कोणाला पटेना! मुकादम हात जोडून म्हणाले, "आजींचं मन मोठं आहे. त्या मदतनीसेला वाचवायला बघतायत. या वयात एकटीने उतरायचं धाडस कोण करेल?" डॉक्टरही मान डोलवायला लागले. इतके दिवस खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं धरलं, आणि खरं बोलले तर संशय.

मग मी पट्ट्या सोडल्या. तळव्यांवर आडवे दोन पट्टे आहेत, चाकाच्या कडेच्या रुंदीचे. अध्यक्षबाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. मुकादम म्हणाले, "पडताना कठडा धरला असेल."

मी तुझं सात मार्चचं पत्र ओव्हरसियरांच्या हातात दिलं. त्यांनी पेन्सिल काढली, ओठ हलवत आकडे तपासले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न कोणाचे?"

"माझे."

"आणि खुर्ची काय हवेत तरंगते?"

"ती धरायची राहिली."

"राहिली!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, रचून सांगणारा माणूस गणित बरोबर आणतो. ही चूक खरोखर उतरून पाहणाऱ्याकडूनच होते. आमच्या पुलावर एकदा मुकादमाने दगड मोजले आणि गाडा विसरला." मुकादम हा शब्द ऐकून कोपऱ्यातले कागद खाली पडले.

भिंगरीचा शेरा रद्द. सोमवारपासून कामावर. तिने बाहेर येऊन माझ्या खुर्चीचा ब्रेक दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही फार वाईट आहात." मग रडली. अध्यक्षबाईंनी तुझ्या पत्रावरून मुकादमांना आत थांबवून घेतलं. यापुढे पाकिटं कापायची नाहीत असा कागद आज भिंतीवर लागलाय.

आता माझं. स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला वरच्या मजल्यावरच ठेवावं लागतं, असा नियम आहे. अध्यक्षबाईंनाही वाईट वाटलं, पण नियम त्यांच्याही वरचा. लेकाला फोन झाला, त्याने होकार दिला. म्हणाला, "आई, तुझ्याच भल्यासाठी." एक मेपासून.

नळाचं काय झालं? माझ्या त्या दोन ओळींवर तू काही लिहिलं नाहीस. मी समजले. रागावलेली नाही, आणि हे खोटं नाही. एकटीची सवय लागलेल्या घरात माणूस घेणं सोपं नसतं. वरच्या खोलीला मोठी खिडकी आहे म्हणे.

तुझी,
ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

नळ बिघडलाच नव्हता.

तुझं चार तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मी टेप घेऊन न्हाणीघराच्या दाराशी गेले. तू कशी राहू शकणार नाहीस याचा पुरावा मला हवा होता. वाटलं, दार साठ सेंटिमीटरचं निघेल, खुर्ची अडेल, मग मी छानपैकी हळहळेन आणि तुला मापासकट कळवेन. दार अठ्ठ्याहत्तर निघालं. मी दोनदा मोजलं. मग झोपायची खोली मोजली, तिथे कपाट आडवं येतं म्हणून खूश झाले, तर शेजाऱ्याने येऊन ते एका हाताने सरकवलं. चार दिवस मी माझ्याच घरात अडचण शोधत हिंडले. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, एवढीच सापडली.

तुला शिकवायला निघाले होते धीट कसं व्हावं. तू बोललीस आणि मी नळामागे लपले. हे तुला लिहिताना माझे कान लाल झाले आहेत.

तीन पायऱ्यांची उंची अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. गवंड्याला कालच बोलावलं. तो म्हणाला, "बाई, चार मीटरचा सरळ उतार घालतो, दोन दिवसांत मोकळे." मी म्हटलं, चार नाही, सहा. तो म्हणाला, अंगण तेवढं लांब नाही. म्हटलं, मग कोपऱ्यावरून वळवा, मधे एक सपाट ओटा ठेवा, तिथे माझी बहीण दम खाईल. त्याने माझ्या गुलाबांच्या वाफ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, त्याच्यातूनच.

ती निवासाची लोखंडी खुर्ची तिथेच ठेव. चौदा किलोची एक हलकी मी दुकानात स्वतः बसून पाहून आले. लोक बघत होते, बघू दे. तुझ्यासकट बहात्तर किलो. म्हणजे वर यायला तीनशे एकोणचाळीस ज्यूल, उतार कितीही लांब केला तरी त्यातला एकही कमी होत नाही. लांबीने फक्त जोर वाटला जातो: सहा मीटरला छप्पन्न न्यूटन. हे घर्षण न धरता. घर्षण मी गवंड्याशी भांडून घेईन.

तुझ्या लेकाला मी आजच फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुला झेपेल का?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचार, ठोकळा कोण आहे ते.

तुला चार गोष्टी आधीच सांगते. सकाळी सातपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. रेडिओ माझा. माझ्या कपड्यांच्या शिवणीवर शेरे मारायचे नाहीत. आणि उतारावर मी तुला ढकलणार नाही. मागून चालेन, हात पाठीशी बांधून. तू मागितलास तरच सोडवीन.

तुझ्यासाठी भिंतीकडची खाट धरली होती, पण खिडकीकडची तू घे. शनिवारी दुपारी गाडी घेऊन येते. सामान भिंगरीला बांधायला सांग. तिची मला माफी मागायची आहे, आणि ती मी पत्रात लिहिणार नाही.

तुझी,
छोटी